मॅच्ड, पण कुणाशी?

व्हॉल्व्ह अँप (काचेच्या ट्यूबवर चालणारा गिटारचा अँप) बाळगणाऱ्यांत एक सल्ला सर्रास फिरतो: "पॉवर ट्यूबची मॅच्ड पेअर घे, जुनी काढ, नवी बसव, वाजव. बायस हे रिपेअरवाल्यांनी पैशांसाठी काढलेलं खूळ आहे. प्लेट लाल होत नाही ना? मग झालं." (पॉवर ट्यूब म्हणजे स्पीकर चालवणाऱ्या. प्लेट म्हणजे ट्यूबमधला करंट जिथे पोचतो तो पत्रा. बायस म्हणजे काही वाजत नसताना ट्यूबमधून किती करंट वाहावा हे ठरवणं.) सल्ला फुकट मिळतो, ट्यूब मिळत नाहीत, म्हणून हा लिहिण्याचा खटाटोप.

आधी 'मॅच्ड'. जोडी एकमेकींशी जुळवलेली असते, तुमच्या अँपशी नव्हे. विकणाऱ्याने आपल्या टेस्टरवर, आपल्या व्होल्टेजला दोघींचा करंट मोजला, तो सारखा भरला, म्हणून त्या एका खोक्यात आल्या. १९६० च्या दशकातला ब्लॅकफेस (काळ्या पॅनेलचा) फेंडर डिलक्स रिव्हर्ब हा अँप घ्या. त्यात ६व्ही६जीटी जातीच्या दोन पॉवर ट्यूब असतात. फेंडरच्या सर्किट डायग्रामवर प्लेटला ४१५ व्होल्ट आणि ग्रिडला (करंट आवरणारी जाळी; व्होल्टेज जितकं उणे, तितका करंट कमी) उणे ३५ लिहिलंय. समजा, त्या उणे ३५ ला एका जोडीतली प्रत्येक ट्यूब २० मिलिअँपिअर ओढते आणि दुसऱ्या जोडीतली ३३. दोन्ही जोड्या मॅच्डच. पहिलीत ट्यूबमागे ८.३ वॉट (४१५ व्होल्ट गुणिले २० मिलिअँपिअर), निवांत. दुसरीत साडेतेराच्या वर. करंट वाढल्यावर व्होल्टेज थोडं बसतं हे धरलं तरी आरसीए या ट्यूब बनवणाऱ्या कंपनीच्या जुन्या डेटाशीटमधली, प्लेटनं सोसायची १२ वॉटची मर्यादा ओलांडलीच. (त्याच डेटाशीटमध्ये प्लेटला कमाल ३१५ व्होल्ट आहेत. म्हणजे फेंडरनं या ट्यूब पहिल्या दिवसापासून राबवूनच घेतल्या.)

"मग उणे ३५ लावून मोकळं व्हा," असंही कुणी सांगतं. त्या डायग्रामवरच आकड्यांना अधिक-उणे २० टक्के सूट दिलीय. बघायचा तो करंट.

प्लेट लाल होणं ही शेवटची पायरी. ट्यूब मर्यादेच्या थोडी वर चालत असेल तर खोलीतल्या उजेडात काहीच दिसत नाही. आणि बायस उलट फार थंड (म्हणजे करंट फारच कमी) असेल, तर लाली कधीच येणार नाही, पण हळू वाजवलेला सूर विरताना खरखरेल.

"वॉक्स एसी ३० या अँपमध्ये कुठे बायस करतात?" हा मुद्दा मात्र खरा आहे. तिथे कॅथोडखाली (ट्यूबमध्ये इलेक्ट्रॉन जिथून निघतात ते टोक) रेझिस्टर असतो. करंट वाढला की त्यावरचं व्होल्टेज वाढतं आणि ट्यूब स्वतःलाच आवरते. फेंडरचा आधीचा ट्वीड डिलक्स तसाच, प्रीअँपच्या (सुरुवातीच्या टप्प्याच्या) छोट्या १२एएक्स७ ट्यूबसुद्धा तशाच. डिलक्स रिव्हर्ब मात्र 'फिक्स्ड बायस'चा, आणि निम्मा घोळ या नावानं घातलाय. फिक्स्ड म्हणजे 'कंपनीनं कायमचं लावून दिलेलं' नव्हे. ग्रिडचं उणे व्होल्टेज वेगळ्या सप्लायमधून येतं, एवढाच त्याचा अर्थ.

राहिलं पैसे काढण्याचं. काम असं: प्रत्येक सॉकेटची ८ नंबरची पिन (कॅथोडची) थेट चासीला, म्हणजे अँपच्या धातूच्या सांगाड्याला, न जोडता मध्ये १ ओहमचा रेझिस्टर घालायचा. स्पीकर जोडलेला, व्हॉल्यूम शून्य, दहा मिनिटं तापू द्यायचं. मल्टिमीटरवर जितके मिलिव्होल्ट, तितके मिलिअँपिअर. त्यात स्क्रीनचा (ट्यूबमधली दुसरी जाळी) थोडा करंटही आला. मग बायसचा पॉट (फिरवून बदलता येणारा रेझिस्टर) स्क्रू-ड्रायव्हरनं केसभर फिरवायचा. २० च्या आसपास थांबा. १२ वॉटच्या ७० टक्के ही वरची हद्द आहे, ती गाठलीच पाहिजे असं नाही. ब्लॅकफेसनंतरच्या सिल्व्हरफेस (रुपेरी पॅनेलच्या) काळातल्या बऱ्याच फेंडरमध्ये हा पॉट फक्त दोन बाजूंचा तोल साधतो, त्यानं करंट कमी-जास्त होत नाही. तिथे आधी वायरिंग बदलावं लागतं.

उघड्या चासीत ४०० च्या वर व्होल्ट असतात आणि स्विच बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये टिकतात. सवय नसेल तर रिपेअरवाल्याला द्या, पण अँपबरोबर तुमचा स्टेपडाऊनही (घरची वीज अमेरिकन व्होल्टेजवर आणणारा ट्रान्सफॉर्मर) न्या. डायग्रामवरचे आकडे ११७ व्होल्टच्या विजेला धरून आहेत. भिंतीत २४५ आले तर निम्मं करणाऱ्या स्टेपडाऊनमधून १२२ निघतात आणि प्लेट ४३० च्या पुढे जाते. घरी लाइन चढी असते हे त्याला आधीच सांगा.