‘दुकान माझं, गिऱ्हाईक मी ठरवणार’: फॉरवर्डमध्ये काय चुकलंय

फिरणारा मजकूर थोडक्यात असा: भांडवल माझं, म्हणून माझ्या श्रद्धेत न बसणाऱ्याला माल नाकारायचा हक्कही माझा. ‘प्रवेशाचे हक्क राखीव’ ही पाटी लावली की विषय संपला. अमेरिकेत तर सुप्रीम कोर्टानंच केकवाल्याला मोकळीक दिली.

भांडवल तुमचं, मान्य. पण शटर वर करून येईल त्याला माल देऊ लागलात की राज्यघटनेचं कलम १५(२) आडवं येतं. केवळ धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान बघून दुकान, उपाहारगृह, हॉटेल कुणाला बंद करता येत नाही. ‘दुकान’ म्हणजे फक्त किराणा, ही पळवाटही नाही. नोव्हेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत हा प्रश्न निघाला तेव्हा डॉ. आंबेडकरांनी अर्थ मुद्दाम मोठा ठेवला: येईल त्याला सेवा द्यायला मालक तयार असतो ती जागा. शिवाय नुसतं आत घेऊन भागत नाही, अटी मान्य असल्या की सेवाही द्यायची.

जातीच्या बाबतीत १९५५ चा नागरी हक्क संरक्षण कायदा जास्त नेमका आहे. इतरांना ज्या वेळी, ज्या जागी, ज्या अटींवर देता तसंच अस्पृश्यतेच्या कारणावरून न देणं हा कलम ६ खाली गुन्हा. म्हणजे सलूनवाल्यानं तोंडानं ‘नाही’ म्हणायचीही गरज नाही. खुर्ची रिकामी असताना ‘सगळे गेल्यावर ये’ म्हटलं तरी पुरे. वेगळा चहाचा कप कलम ४ मध्ये येतो. शिक्षा १ ते ६ महिने कैद आणि १०० ते ५०० रुपये दंड (दंड आज हसण्यावारी जाईल, कैद नाही). तक्रारदार अनुसूचित जातीचा असेल तर कलम १२ नुसार कारण अस्पृश्यताच होतं असं कोर्ट गृहीत धरतं. तसं नव्हतं हे दुकानदारानं सिद्ध करायचं.

पाटी दारू पिऊन धिंगाणा घालणाऱ्यासाठी चालते, कारण तो नियम वागण्यावर आहे आणि सगळ्यांना सारखा. तिच्याआड जात-धर्म लपत नाही.

आता केक. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात समलिंगी जोडप्याला लग्नाचा केक नाकारणाऱ्या केकवाल्याच्या प्रकरणात ४ जून २०१८ ला निकाल ७ विरुद्ध २ असा केकवाल्याच्या बाजूनं लागला, पण राज्याच्या नागरी हक्क आयोगानं त्याच्या धर्माबद्दल आकस ठेवून सुनावणी केली म्हणून. नकाराचा सरसकट हक्क त्यात नाही. त्याच वर्षी बेलफास्टच्या बेकरीलाही ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयानं निर्दोष ठरवलं. तिथं नकार गिऱ्हाइकाला नव्हता, केकवरच्या समलिंगी विवाहाला पाठिंबा देणाऱ्या ओळीला होता. तीच ओळ दुसऱ्या कुणी मागितली असती तरी बेकरीनं लिहिली नसती. २०२३ चा अमेरिकेतला, समलिंगी लग्नांच्या वेबसाइट बनवायला तयार नसलेल्या डिझायनरचा निकालही अशा अभिव्यक्तीपुरताच. उलट १९६८ मध्ये साउथ कॅरोलिनातल्या बार्बेक्यूवाल्यानं काळ्या गिऱ्हाइकांना आत न बसवायला धर्म पुढे केला, तेव्हा अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानंच तो बचाव उघड उघड बिनबुडाचा ठरवला.

आपल्याकडचा छापखाना घ्या. द्वेषाचा मजकूर छापणार नाही म्हणणं वेगळं. टेबलावरच्या गठ्ठ्यातलाच लग्नपत्रिकेचा नमुना, तोच कागद, तीच सोनेरी शाई, आणि वधू-वरांची नावं वाचून ऑर्डर परत करणं वेगळं.

फॉरवर्डवाल्यांना खरी पळवाट सापडते ती घर नाकारण्यात. पारशांपुरत्या सभासदत्वाचा सोसायटीचा नियम सुप्रीम कोर्टानं २००५ मध्ये टिकवला. ‘मांसाहारी नकोत’ म्हणून मुंबईत मराठी माणसाला फ्लॅट नाकारला, तर १५(२) मध्ये ना खाणं आहे ना घर. मुसलमान गिऱ्हाइकाला किराणा नाकारला तर मूलभूत हक्क मोडतो, पण १९५५ च्या कायद्यासारखं नेमकं फौजदारी कलम त्याच्या हाताशी नाही.