‘कच्च्या बोटांची पळवाट’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. नाव न देता ‘एक जुना वादक’ एवढीच सही केलीत, म्हणून मीही तेवढंच म्हणतो. अमेरिकन लोकधुनांसाठी व्हायोलिनच्या तारा नेहमीपेक्षा वेगळ्या सुरांत लावण्यावर मी लिहिलं होतं, त्यावरची आपली प्रतिक्रिया तीनदा वाचली. आधी चूक मान्य करतो : तारांचा क्रम जाड तारेपासून सांगायचा असतो, मी बारीक तारेपासून लिहिला होता. ‘डी-डी-ए-डी’ (ही पाश्चात्त्य सुरांची नावं) अशी दुरुस्ती केली आहे. आभार.

आता आपलं ते वाक्य : ‘धून बघून तारा चढवणं-उतरवणं ही कच्च्या बोटांची पळवाट आहे.’

कच्च्या बोटांची! एवढा अनुभव असलेल्या माणसाला हेच जरा सभ्य शब्दांत सांगता आलं असतं. माझी बोटं आपण पाहिली आहेत का? सांगलीत नवव्या वर्षी व्हायोलिन हातात घेतलं. पहिलं वर्षभर गुरुजींनी नुसता गज ओढायला लावला, तोही सा-प-सा-प लावलेल्या वाद्यावर. कर्नाटक पद्धतीत आणि आपल्याकडेही कित्येक वादक असंच लावतात. व्हायोलिनची नेहमीची जी-डी-ए-ई सोडली म्हणून त्यांना कुणी कच्चं म्हटल्याचं ऐकलं नाही. अमेरिकेतल्या अपालाचियन डोंगरातले फिडलर, म्हणजे लोकधुना वाजवणारे व्हायोलिनवादक, जी आणि डी एकेक सूर चढवून ए-ई-ए-ई करतात, तेव्हा ए ला सा धरा. सा-प-सा-पच झालं की नाही?

आणि मालकंसाला तंबोऱ्याचा पंचम मध्यमावर उतरवतो, तीही गायकाची पळवाट का?

हो, ए-ई-ए-ईमध्ये खालच्या दोन तारांवर वरचीच बोटं चालतात, तेवढं सोपं होतं. पण कारण ते नाही. गज एका वेळी दोन तारांवर फिरतो : एकीवर धून, दुसरी मोकळी, खर्जासारखी धरलेली. ज्या तारांना गज लागत नाही, त्याही गुणगुणतात. तीच धून जी-डी-ए-ईवर वाजवा. सूर सगळे येतील, पण वाद्याच्या पोकळीतली ती गाज जाईल. डी-डी-ए-डीमध्ये तर जाड तार जीवरून थेट खालच्या डीपर्यंत उतरते, इतकी सैल की गज जरा दाबला तरी फडफडते. ‘बोनापार्ट्स रिट्रीट’ ही जुनी धून तशीच वाजवायची पद्धत आहे. सोपं वाटतं? करून बघा.

उत्तर कॅरोलिनातल्या राउंड पीकचे फिडलर टॉमी जॅरेल (१९०१–१९८५) डी हा सा असलेल्या धुनांसाठी नुसती जी तार चढवून ए-डी-ए-ई लावत, एमधल्या धुनांना ए-ई-ए-ई. १९८२ साली अमेरिकेत लोककलाकारांचा राष्ट्रीय सन्मान असलेल्या नॅशनल हेरिटेज फेलोशिप पहिल्यांदा दिल्या गेल्या, त्या यादीत हे ‘कच्च्या बोटांचे’ जॅरेल होते.

मी २००९ पासून उत्तर कॅरोलिनातल्याच रॅली शहरात राहतो. पहिल्यांदा तिथल्या माउंट एअरी गावी फिडलरांच्या बैठकीला गेलो तेव्हा मलाही वाटलं होतं, हे काय, दर वेळी खुंट्या पिळत बसायचं? तिथे तास-दीड तास एकाच सुरातल्या धुना चालतात, मग कुणीतरी ‘आता डी’ म्हणतं, आणि बॅन्जोवाल्यांसकट सगळे मिळून वाद्यं लावतात. त्या दिवशी घाईत जी तार चढवताना माझी तुटली आणि गालावर बसली. शेजारच्या आजोबांनी न बोलता स्वतःच्या डबीतली तार काढून दिली. प्रतिक्रिया लिहून नाही दिली.

उरलेलं : स्वरलिपी का देत नाही, रेकॉर्डिंग इतकं जलद का, नवशिक्याने शिकायचं कसं. यावर पूर्वी लिहिलं आहे, शोधलंत तर सापडेल. कान आहेत, ते वापरावेत. कुणाच्या धुना मी ‘वाटत सुटतो’ म्हणालात, त्याला काय उत्तर देणार? फिडलर हेन्री रीड यांनी लोकसंगीताचे संग्राहक ॲलन जॅबोर यांना १९६६-६७ मध्ये वाजवून दाखवलेल्या धुना लायब्ररी ऑफ काँग्रेसने सगळ्यांसाठी खुल्या ठेवल्या आहेत. तिथेही जाऊन सांगा.

रविवारी डी-डी-ए-डीमधली धून टाकतो आहे. तार जुनी असेल तर आधी बदलून घ्या, आणि लावताना तोंड जरा लांब ठेवा.