गोळी सकाळचीच हवी असं नाही

गरोदरपणात थायरॉइड कमी पडण्यावरच्या लेखात ‘थायरॉइडची गोळी रोज उपाशीपोटी घ्या’ एवढंच सांगून विषय संपवलाय, पण खरी गोची तिथूनच सुरू होते. पहिल्या तीन महिन्यांत ज्यांना डोळे उघडताच मळमळतं, त्यांनी काय करायचं? माझ्या वहिनीची सकाळची गोळी पाचच मिनिटांत उलटून पडायची. डॉक्टरांनी सरळ रात्री झोपताना घ्यायला सांगितली, जेवणानंतर तीन तासांनी. मिटला प्रश्न.

दुसरं म्हणजे लोह आणि कॅल्शियम. गरोदरपणात या गोळ्या मागे लागतातच, आणि थायरॉइडच्या गोळीबरोबर पोटात गेल्या तर ती नीट शोषलीच जात नाही. चार तासांचं अंतर हवं. औषधांच्या चिठ्ठीवर हे क्वचितच लिहिलेलं असतं!

आधीपासून लेव्होथायरॉक्सिन (म्हणजे हीच थायरॉइडची गोळी) चालू असेल तर दिवस गेल्याचं कळताच डॉक्टरांना फोन करा, पुढच्या तारखेची वाट बघू नका. गरज साधारण चौथ्या ते सहाव्या आठवड्यापासूनच वाढते, बहुतेकींना डोस पंचवीस ते तीस टक्के वाढवावा लागतो. बाळाची स्वतःची थायरॉइड ग्रंथी साधारण बाराव्या आठवड्यापासून काम करू लागते, तोवर सगळी भिस्त आईवरच. टीएसएच (थायरॉइड कमी पडलं की रक्तात वाढणारं हार्मोन) २.५ च्या खाली ठेवायचा आणि निम्मे दिवस भरेपर्यंत दर चार आठवड्यांनी तपासायचा.

आणि हो, ‘गरोदरपणात कशाला औषधं’ म्हणणाऱ्या मावश्या-काकवांकडे खुशाल दुर्लक्ष करा. शरीरात जे हार्मोन कमी पडतंय, तेच या गोळीतून मिळतं.