आजीच्या रुपयांचा भाव कसा काढावा

आजीच्या ट्रंकेतून फडक्यात बांधलेले राणीछाप रुपये निघाले की लगेच काटा शोधू नका. आधी चारचौघांत जाहीर करा, ‘पूर्वीची चांदी म्हणजे शंभर नंबरी!’ व्हिक्टोरियापासून पंचम जॉर्जपर्यंतचा रुपया ११.६६ ग्रॅमचा, त्यात चांदी ९१.७ टक्के, म्हणजे शुद्ध १०.६९ ग्रॅम, हे खुद्द टांकसाळीनं ठरवलेलं होतं. पण टांकसाळीला काय कळतंय? तुम्ही पुरतं वजन धरा. शंभर रुपयांमागे ९७ ग्रॅम चांदी बसल्या जागी वाढते.

सालाकडे तर ढुंकूनही बघू नका. सहाव्या जॉर्जचा मुकुट १९३८ला जसा, तसाच १९४४ला. मधल्या काळात, १९४०मध्ये, युद्धापायी सरकारनं चांदी निम्म्यावर आणली, ही त्यांची अडचण. चांदी किलोला एक लाख धरली तर १९३८च्या रुपयात १,०६९ रुपयांची चांदी निघते आणि १९४४च्या रुपयात ५८३ची. असले हिशेब करणारा जावई घरात असेल तर त्याला चहा आणायला पाठवा. लोहचुंबकही फ्रीजवरच राहू द्या. १९४७चा रुपया निकेलचा, तो टपकन चिकटतो आणि घरातलं वातावरण बिघडतं.

१९११चा रुपया सापडला तर तो पहिल्यांदा मुशीत घाला. त्यावर राजाच्या झग्यावरचा हत्ती लोकांना डुक्कर वाटला, बोभाटा झाला आणि सरकारनंच बरेचसे रुपये वितळवले. उरलेलं काम तुम्ही पूर्ण करा. १९३९चा तर त्याहून दुर्मीळ. संग्राहक त्याला आतल्या चांदीच्या कितीतरी पट पैसे मोजतात म्हणे. मोजू देत, आपल्याला ग्रॅमशी मतलब. आणि कुठलंही नाणं विकण्याआधी चिंच-रांगोळीनं चांगलं खसाखसा घासा. राणीचं नाक गेलं तरी चालेल, चकाकी आली पाहिजे.

सराफानं टंच काढून, म्हणजे चांदीचा कस तपासून, घट सांगितली की तावातावानं उठा आणि शेजारच्या दुकानात जा. तोही तेवढीच सांगेल. ‘तुम्ही सगळे आतून एकच’ असं त्याला सुनावून घरी या आणि आत्याला फोन लावा. ती सांगेल तो भाव वाटणीच्या कागदावर लिहून टाका. फक्त तिच्या वाट्याला १९४०नंतरचे रुपये जातील एवढं बघा. सालं वाचायची वेळ ती हीच.