पावणेतीन ओहम

आमच्या देवगडच्या घरी बाबांची स्पीकरची जोडी आहे. लाकडी खोकी, एकेक भाताच्या अर्ध्या पोत्याइतकं जड. बाबांमागे कलमांची वाटणी झाली, भांड्यांचीही झाली, या जोडीवर मात्र कोणी हक्क सांगितला नाही. सांगितला असता तर उचलून न्यावी लागली असती.

गेल्या श्रावणात मुंबईच्या चुलतभावाने साउंडबार घेतला आणि आपली जुनी जोडी गाडीत घालून इथे आणली. मुंबईच्या घरात मावेनासं होईल ते गावच्या घरी धाडायचं, हा चाकरमान्यांचा जुना रिवाज. त्याच वाटेने आमच्याकडे तीन मिक्सर, एक पलंग आणि व्यायामाची सायकल (सध्या तिच्यावर टॉवेल वाळतात) येऊन पडली आहेत.

"तुझ्या ॲम्प्लिफायरला दोन जोड्यांसाठी ए आणि बी असे दोन खटके आहेत ना?" दादा म्हणाला, "दोन्ही दाब. गणपतीत नुसता दणका!"

दाबले. दणका राहिला बाजूला, होता तो ठेकाही गेला. तबल्यातला बायाँ कोणीतरी उचलून नेल्यासारखं वाटत होतं. अर्धा दिवस गेल्यावर कळलं की खाऱ्या हवेने तारा इतक्या हिरव्या पडल्या होत्या, की कुठली प्लस आणि कुठली मायनस हे मी निव्वळ श्रद्धेने ठरवलं होतं. एका स्पीकरचा पडदा पुढे येई तेव्हा शेजारचा मागे जाई, आणि खालचे सूर दोघे मिळून हवेतल्या हवेत खाऊन टाकत. मग टॉर्चमधला दीड व्होल्टचा सेल काढला आणि प्रत्येक स्पीकरच्या तारांना क्षणभर टेकवून पाहिला. प्लसला प्लस लागला की पडदा बाहेर येतो. बाबांच्या उजव्या स्पीकरचा पडदा मात्र हलेचना. आत पाहिलं तर कुंभारीण माशीने मातीची ऐसपैस खोली बांधलेली, आणि तिच्या भाराने तारेचा टाका सुटलेला.

घर पाडलं, टाका मारला. आता ठेका आला, पण ऐकू येई ती फक्त मुंबईचीच जोडी. बाबांचे स्पीकर ८ ओहमचे, मुंबईचे ४ ओहमचे. ओहम म्हणजे विजेच्या वाटेतल्या अडथळ्याचं माप. एकाच व्होल्टेजवर कमी ओहमवाला दुप्पट वीज ओढतो. त्यात तेवढ्याच विजेत मुंबईकर ३ डेसिबल जास्त ओरडणारे. म्हणजे आधीच मोठा घसा आणि वर पानात दुप्पट वाढलेलं. बाबांची जोडी बिचारी कोपऱ्यात नुसती गुणगुणत होती.

या साऱ्यात एकच माणूस खूश होतं: काकू. पावसाळ्यात आमच्याकडे काडेपेटी सादळते, मीठ पाझरतं, पापडाची चामडी होते. आणि ॲम्प्लिफायर आता असा तापत होता की काकू त्याच्यावर काडेपेटी, फुलवाती आणि एकदा तर कुळथाचं पीठ ठेवून गेली. मी सगळं उचलायचो, ती पुन्हा मांडायची.

चतुर्थीच्या सकाळी मूर्ती खळ्यात आली. मी सनई लावून आवाज चढवला. आतून टक् झालं आणि घरभर शांतता.

"देवान आयकल्यान," काकू म्हणाली.

संध्याकाळी मंडपाचा साउंडवाला पाया पडायला आला. ॲम्प्लिफायरला हात लावून त्याने माझ्याकडे पाहिलं, ते साप हातात धरलेल्या पोराकडे पाहावं तसं.

"आठाक चार पॅरलल मारलंस?"

मी मोबाइलवर हिशोब केला. दोन्ही खटके दाबले की स्पीकर पॅरलल, म्हणजे समांतर जोडले जातात, तेव्हा गुणाकाराला बेरजेने भागायचं: ३२ भागिले १२, म्हणजे पावणेतीन ओहमही पुरते नाहीत. ॲम्प्लिफायर भिंतीला टेकलेला, म्हणून मोबाइल मागे घालून फोटो काढला. तिथे मुंगीएवढ्या अक्षरांत सगळं छापलेलं होतं: ए किंवा बी: ४ ते १६ ओहम; दोन्ही एकदम: प्रत्येक स्पीकर ८ ते १६ ओहम. अडथळा कमी तितकी वीज जास्त, हा नियम जॉर्ज ओहमने १८२७ साली छापला. इतक्या वर्षांत आमच्या घरी कोणी तो वाचला नव्हता.

"मग सिरीजमध्ये, एकामागे एक जोडू? बारा होतील," मी नुकत्याच आलेल्या ज्ञानाच्या जोरावर म्हणालो.

"जोड. मगे एक तुटलो काय दुसरो पण गप. जुनी लायटीची माळ आठव. आणि आवाजाचो रंग बदलतलो तो वेगळो."

शेवटी बाबांची जोडी ओटीवर, मुंबईची माजघरात, आणि एका वेळी एकच खटका. आता आवाज स्वच्छ आहे. ॲम्प्लिफायर हाताला जेमतेम कोमट लागतो.

परवा काकू हातात काडेपेटी घेऊन त्याच्यासमोर बराच वेळ उभी होती.

"तुझो रेडिओ पयल्यासारखो तापणा नाय रे, झिला. बिघडवलंस मा?"