झाडाला संत्री लावण्याचा प्रयोग

पुण्याच्या मित्राचा काल दुपारी फोन आला. नाताळची सुट्टी नागपूर जिल्ह्यातल्या काटोलच्या आमच्या शेतावर घालवून आणि जाताना पिशवीभर संत्री घेऊन तो नुकताच परतला होता, त्यामुळे आभाराचे दोन शब्द ऐकण्याच्या तयारीनेच मी फोन उचलला. "संत्री जरा आंबटच निघाली रे," तो म्हणाला, आणि मग माझे सांत्वन करावे तशा सुरात पुढे म्हणाला, "इकडे मंडईत छान मिळतात, पण तू मनाला लावून घेऊ नकोस." मी ते मनाला लावून घेतले आहे.

वास्तविक नाताळ गुरुवारी येतो आणि शुक्रवारची रजा टाकली की सलग सुट्टी मिळते, हे गणित त्याने पुण्यात बसून सोडवले तेव्हाच मी त्याला सांगितले होते की आंबिया बहाराची, म्हणजे उन्हाळ्याआधी फुलून हिवाळ्यात पिकणाऱ्या फळांची, तोड आटोपली आहे, बगीचा उक्ता, म्हणजे झाडावरचा सगळा माल एकरकमी ठरवून, दिला होता तो व्यापाऱ्याने रिकामा करून नेला आहे, आणि पावसाळ्यात फुलणाऱ्या मृग बहाराचा माल फेब्रुवारी-मार्चच्या आधी कुणाच्याच बगीच्यात मिळत नाही. "असू दे रे, दोन-चार तरी राहिली असतीलच," हे त्याचे उत्तर होते. नागपुरी संत्र्याला 2014 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, पण संत्र्याला हंगाम असतो ही माहिती त्या मानांकनाबरोबर पुण्यापर्यंत पोचलेली दिसत नाही. बाहेरच्या माणसाच्या मनातल्या नागपुरात संत्री बाराही महिने झाडाला लटकलेली असतात आणि आम्ही येताजाता हात वर करून ती खातो.

तीच गोष्ट हुरड्याची. शेत म्हटले म्हणजे हुरडा पाहिजे, असा त्याचा आग्रह होता. रोही (नीलगायी) आणि रानडुकरे यांच्या कृपेने आमच्या शिवारातली ज्वारी केव्हाच संपली असून आता इकडे कापूस, सोयाबीन आणि संत्रा एवढेच दिसते, हे समजावून सांगण्यापेक्षा नागपुरातून हुरडा विकत घेऊन तो काटोलला नेणे मला सोपे वाटले. त्याच फेरीत हातगाडीवरून संत्रीही घेतली. शहरातून शेतमाल विकत घेऊन तो शेतावर पोचवणारा विदर्भातला पहिला शेतकरी मीच असेन. असलो तर निदान एखादा पुरस्कार तरी मिळावा.

इथपर्यंत सारे ठीक होते. संत्री खाऊन झाल्यावर मात्र मित्राला फोटो हवा झाला, आणि फोटोत संत्रे झाडाला असायला हवे होते. त्यामुळे भर सकाळी मी झाडाच्या मागे वाकून, पानांत बोटे लपवून, दोन्ही हातांनी दोन संत्री फांदीला टेकवून उभा राहिलो, आणि मित्र समोर मान तिरपी करून ती तोडण्याचा अभिनय करू लागला. त्याची पत्नी "हात दिसतोय, भावजी, अजून आत घ्या" अशा सूचना देत होती. नेमक्या त्याच वेळी शेजारच्या शेतातले आजोबा धुऱ्याने येऊन थांबले. ते बराच वेळ काहीच बोलले नाहीत, आणि तेच जास्त वाईट होते.

"काय करून राहिले जी?" त्यांनी शेवटी विचारले.

"काही नाही आजोबा, पाहुणे आले आहेत, फोटो काढतो आहे."

"ते दिसूनच राहिलं. पन बगीचा तर तुमचा तोडला ना व्यापाऱ्यानं? मंग हे संत्रे कोठून आले?"

"नागपूरहून आणले."

आजोबांनी काठी बांधावर टेकवली आणि ते खाली बसले. म्हणजे ते आता जाणार नव्हते. "नागपूरहून काटोलले संत्रे आनले," त्यांनी हे वाक्य स्वतःशीच एकदा म्हणून पाहिले. "कायच्या भावानं?"

मी भाव सांगितला. आमच्या हातात पडलेल्या भावाच्या तो कितीतरी पट होता, आणि हे मला जितके ठाऊक होते तितकेच त्यांनाही ठाऊक होते.

"तुमचेच असतीन," ते शांतपणे म्हणाले. "इकले बी तुम्हीच अन् इकत घेतले बी तुम्हीच. अन् आता झाडाले लावून पाहून राहिले, चिपकते का म्हून?"

मित्र या सगळ्यात फार रमला होता. खेड्यातले अनुभवी शहाणपण त्याला समोर बसलेले सापडले होते, म्हणून त्याने हातातले संत्रे पुढे करून अत्यंत आदराने विचारले, "काका, ही ऑरगॅनिक आहेत का हो?"

"गाडीवाल्याले पुसा," आजोबा म्हणाले. त्यांनी ते संत्रे मात्र घेतले, तिथेच सोलून खाल्ले, आणि उठता उठता निकाल दिला, "आंबट हाय."

मित्राने हे ऐकले नाही, कारण तो फोटो पाठवण्यात गुंतला होता. "थेट झाडावरून" अशी ओळ त्याखाली लिहिली गेली, आणि पुण्यातल्या मंडळींनी हृदयाच्या खुणांचा वर्षाव केला. बांगलादेशाने आयात शुल्क वाढवल्यापासून आमच्या मालाला तिकडे पूर्वीसारखा उठाव नाही, फळगळ दरवर्षी आहेच, आणि बगीचा ऐन तोडीला आला की व्यापारी ठरलेल्या रकमेतून काहीतरी कापून घेतोच. पण त्या फोटोखाली एकाही माणसाने शेतकऱ्याला काय मिळते असे विचारले नाही, "अशा ठिकाणी राहायला मिळणारे किती नशीबवान!" असे मात्र तिघांनी लिहिले. अशा ठिकाणी राहणाऱ्या माणसाला त्या रात्री मोटार चालवणारी थ्री फेजची लाइन आली म्हणून सालदाराबरोबर, म्हणजे वर्षाच्या बोलीने ठेवलेल्या गड्याबरोबर, हरभऱ्याला पाणी द्यायला जायचे होते, आणि मोटारच्या आवाजाने झोपमोड झाली अशी तक्रार सकाळी चहाबरोबर ऐकून घ्यायची होती.

हेही मी गिळले असते, पण निघायच्या आदल्या दिवशी त्याला झाडे मलूल दिसली. आंबिया बहार धरायचा म्हणजे झाडाला महिना-दीड महिना ताण द्यावा लागतो. पाणी तोडले, पाने कोमेजली, थोडी गळली, की मग खत-पाणी मिळताच झाड फुलावर येते. मी हे त्याला पहिल्याच दिवशी समजावले होते आणि त्याने मानही डोलावली होती. गॅलरीत एक कढीपत्ता जगवलेला हा गृहस्थ संध्याकाळी माझ्या सालदाराकडे परस्पर गेला, झाडे मरत आहेत असे त्याला कळवळून म्हणाला, आणि त्याच्या हातावर पाचशेची नोट ठेवून आला. सालदाराला वाटले, मालकाच्याच सांगण्यावरून आले असतील. रात्री लाइन आल्यावर त्याने विहिरीकडच्या दोन ओळींना टिच्चून पाणी दिले.

त्या दोन ओळींचा ताण तुटला. आता त्यांना फुलाऐवजी पालवी फुटणार, आणि पुढच्या वर्षी व्यापारी बगीचा पाहायला आला की त्या ओळींपाशी उभा राहून तो अगोदर रक्कम उतरवणार, हे मला आजच दिसते आहे. सालदाराला बोलायचीही सोय नाही, कारण "पुन्याचे पाहुने मोठा जीव लावते जी झाडाले" असे तो गावभर सांगत फिरतो आहे, आणि धुऱ्यावरचे आजोबा त्याला प्रत्येक वेळी विचारतात, "अन् मालक?"