डॅशुंडला डॉक्टर लागत नाही म्हणे!

रविवारी सकाळी नागपुरातच त्रिमूर्तीनगरला दादाकडे गेले, तर बाबा जिन्याखाली बिस्किटाचा तुकडा हातात धरून उभे. वरून डॅशुंडचं, म्हणजे त्या लांब पाठीच्या आणि आखूड पायांच्या कुत्र्याचं, दहा आठवड्यांचं पिल्लू एकेक पायरी घरंगळत खाली येतंय. पायरी वीतभर उंच, पिल्लाचे पाय जेमतेम चार बोटं उंच. गुळगुळीत फरशीवर नखं सर्रकन घसरतायत आणि पोट दर पायरीच्या काठावर आपटतंय. म्हटलं, बाबा, हे काय? "अकरावी फेरी आहे. पाठ मजबूत होऊन राहिली तिची."

बाबांच्या बागेतल्या ग्रुपवरून एक फॉरवर्ड आमच्या घरच्या ग्रुपवर आलाय. "डॅशुंड घेतलाय? हे 9 नियम पाळा, डॉक्टरचं तोंड पाहावं लागणार नाही." खाली लिहिलंय, "एका जर्मन तज्ज्ञाचा सल्ला". तज्ज्ञाला नाव नाही, गाव नाही. ग्रुपवर सतरा जणांनी हात जोडले, वहिनीने नियम छापून फ्रिजवर लावले. म्हणून हे लिहायला बसले.

जिन्याचा नियम चौथा आहे, पण सुरुवात त्याच्यापासूनच करते. तो असा: "डॅशुंडची पाठ लांब असल्याने कमजोर असते. रोज जिन्याच्या 20 फेऱ्या करवा. मागचे पाय लटपटू लागले तर मोहरीचं तेल गरम करून पाठीवर जोरात मालिश करा, तीन दिवसांत चालू लागेल."

दुखणं पाठीच्या लांबीत किंवा स्नायूंत नसतं, मणक्यांच्या मधल्या गादीत असतं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांचा एक शोधनिबंध 2017 मध्ये पीएनएएस या नियतकालिकात आला. त्यात हे दुखणं थेट जनुकापर्यंत नेऊन दाखवलंय. एफजीएफ4 नावाच्या जनुकाची एक जास्तीची नक्कल या कुत्र्यांच्या 12व्या गुणसूत्रावर बसलेली असते. पाय आखूड करण्यात तिचा हात असतोच, शिवाय गादीही तीच लवकर म्हातारी करते. गादीतला गर शहाळ्याच्या मलईसारखा मऊ असायला हवा. डॅशुंडमध्ये तो लहान वयातच सुकायला लागतो आणि त्याचं खोबरं होतं. मग एखाद्या दिवशी, कधी उडी मारताना तर कधी काहीच न करता, गादी फुटते आणि तो कडक तुकडा वरच्या मज्जारज्जूवर दाबला जातो. मागचे पाय लटपटतात ते यामुळे. वीस काय, दोनशे फेऱ्या मारल्या तरी खोबऱ्याची परत मलई होत नाही.

आणि वरून मालिश! आत मज्जारज्जू आधीच चेपलेला असताना बाहेरून अंगठ्याने रेटायचं. अशा वेळी कुत्र्याला हलू न देता पेटीत किंवा खोक्यात ठेवून त्याच दिवशी डॉक्टरकडे न्यायचं असतं. पायाचं बोट जोरात चिमटलं तरी कळत नाही, इथवर गेलं तर ऑपरेशन करूनही साधारण निम्मीच कुत्री पुन्हा चालतात, आणि त्या अवस्थेत एकेक तास मोलाचा असतो. फॉरवर्डवाले तिथे तीन दिवस तेल चोळायला सांगतात.

बाबांना हे जनुकाचं पटेना. शेवटी विचारलं, "तुमची कमरेतली एल4-एल5 गादी सरकली होती तेव्हा तुम्हाला कुणी जिना चढवला होता का?" तेव्हा तर ते महिनाभर पट्टा बांधून पलंगावर होते आणि उठून पाणीसुद्धा घेत नव्हते. काही बोलले नाहीत. बिस्किट स्वतःच खाऊन टाकलं.

एक मात्र मान्य करायला हवं, जिवावर आलं तरी. पाठ जपायची म्हणून डॅशुंडला दिवसभर सोफ्यावर लोळवणंही चूकच. वजन वाढलं की पाठीवरचा भार वाढतो, आणि रोज नीट चालणारी कुत्री या बाबतीत बरी राहतात असं पाहणीत दिसलंय. तेव्हा व्यायाम हवा, हे फॉरवर्डचं म्हणणं खरं. पण सपाट अंगणात हुंदडणं वेगळं आणि पिल्लाला जिन्यावरून वीसदा सोडणं वेगळं. उचलतानाही एक हात छातीखाली, दुसरा ढुंगणाखाली. पुढचे पाय धरून लोंबकळत उचलायचं नाही, आमचा भाचा उचलतो तसं.

दुसरा नियम वाचून मी मोठ्याने हसले. "डॅशुंड ही कुत्रा आणि मुंगूस यांच्या संकरातून झालेली जात आहे, म्हणून साप मारते. अंगणात मोकळी सोडा." बाप्पा! मुंगूस कुत्र्याच्या कुळातलं नाहीच, ते मांजराला आणि तरसाला जवळचं. नावाचा अर्थ तरी पाहायचा. जर्मनमध्ये 'डाक्स' म्हणजे बॅजर, बिळं खोदून राहणारा एक जाडजूड प्राणी, आणि 'हुंड' म्हणजे कुत्रा. बॅजरच्या बिळात शिरायला आखूड पाय, आणि बिळातून वरच्या शिकाऱ्याला ऐकू जावा म्हणून एवढ्याशा जिवाला एवढा मोठा आवाज. वहिनीची मोगऱ्याची कुंडी दोनदा उकरली गेली ती त्या खोदकामाच्या वारशानेच. सापासमोर मात्र हे पिल्लू म्हणजे फक्त घास आहे.

सहावा नियम: "गोचीड होऊ नयेत म्हणून रोज दोन पाकळ्या लसूण." लसूण आणि कांदा, कच्चा असो की शिजवलेला, कुत्र्याच्या तांबड्या पेशी फोडतो. आपल्याकडच्या गोचिडांमधून बॅबेसिया नावाचा रोग होतो, तोही तांबड्या पेशीच फोडतो. म्हणजे गोचीड जे काम करणार, ते आपण आधीच सुरू करून द्यायचं. दोन-तीन किलोच्या पिल्लाला रोज दोन पाकळ्या! गोचिडांवर औषधं मिळतात, वय आणि वजन सांगून डॉक्टरकडून घ्यावीत.

"घरातच राहणाऱ्या कुत्र्याला रेबीजची लस लागत नाही." हे लिहिणाऱ्याने नागपूरची एक तरी गल्ली रात्री अकरा वाजता पाहिलीय का? फाटक एकदा उघडं राहिलं की झालं. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की कुत्राही वाचत नाही, माणूसही जवळजवळ कधीच नाही. ही लस बारा आठवड्यांनंतर. पार्वो आणि डिस्टेंपर या रोगांची सहा ते आठ आठवड्यांपासून, दर दोन-चार आठवड्यांनी, सोळा आठवडे होईपर्यंत. सारखी सारखी कशाला, असं दादाने विचारलं. आईकडून आलेली प्रतिकारशक्ती आधीच्या डोसला दाबून टाकू शकते. ती नेमकी कधी उतरते ते प्रत्येक पिल्लात वेगळं, म्हणून. आणि डॉक्टर लागत नाही हे सांगायचं तरी कोणत्या गावात? पशुवैद्यकीय महाविद्यालय सेमिनरी हिल्सला आहे, पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचं मुख्यालय नागपुरातच आहे.

दूध-पोळीवर वाढवा, हा नियम अर्धवट. चमचाभर दुधाने काही होत नाही, वाटीभराने मात्र पोट बिघडतं. नुसत्या पोळीत वाढत्या हाडांना लागणारं काहीच पुरेसं नसतं. प्रसादाच्या शिऱ्यातले मनुके तेवढे देऊ नका, मूत्रपिंड निकामी होऊ शकतात. एसीशिवाय जगत नाही, हेही अर्धंच खरं. कूलरची हवा आणि भरलेलं भांडं यावर दिवस निघतो. पण मे महिन्यात आपले सिमेंट रोड संध्याकाळी सातलाही तापलेले असतात आणि हिचं पोट रस्त्यापासून वीतभरही वर नाही. तळहाताची मागची बाजू रस्त्यावर टेकवून दहापर्यंत मोजा. चटका बसला तर घरी परत.

राहिला नावाचा नियम. "नाव मालकाच्या राशीवरून आणि चार अक्षरीच ठेवा, म्हणजे कुत्रं लक्ष देऊन ऐकतं." कुत्र्याला राशी कळत नाही. छोटं नाव हाकेला बरं पडतं आणि ते रोजच्या हुकमांशी मिळतंजुळतं नसावं, एवढंच. भाचीला 'बसंती' हवं होतं. म्हटलं, अर्धं नाव घेतलंस की ती बसेल. मग रंगावरून 'चिंचोका' ठरलं, हाकेला चिंचू.

दुकानदार डॅशुंड म्हणाला, बाबांनी पहिल्या दिवशी 'दशानंद' ऐकलं आणि तेच धरून बसलेत. मादी आहे, सांगून झालं. दिवसभर घरी बाबाच असतात, वाटी तेच भरतात. काल मी चिंचू, चिंचू करत दहा मिनिटं ओसरीवर बसले, तिने कान हलवला नाही. आतून बाबांनी "ए दशानंद" म्हटलं आणि ती फरशीवर घसरत, पडत, उठत गेली.

"पाहा," बाबा म्हणाले, "चार अक्षरी आहे ना."